नकाशा नुसत्या गरिबीचा नाही

कुठल्या वस्त्यांना मदत आधी द्यायची हे ठरवायला ‘उत्पन्न बघितलं की झालं, वेगळा नकाशा कशाला?’ असं कुणी विचारेल. कॅलिफोर्नियात तेवढ्यावर भागत नाही. तिथला कॅलएन्व्हायरोस्क्रीन ४.० हा नकाशा २१ निर्देशक धरतो: डिझेलचा धूर, कीटकनाशकं, पिण्याचं पाणी, शिवाय दमा, बेरोजगारी, घरभाड्याचा बोजा. प्रदूषण आणि लोकांची परिस्थिती या दोन गुणांचा गुणाकार करतात, बेरीज नाही. खरी मेख तिथे आहे: दोन्ही गुण जास्त असतील तिथेच आकडा चढतो. सर्वात जास्त आकड्याचे २५ टक्के जनगणना-विभाग (जनगणनेसाठी आखलेले छोटे भाग) ‘वंचित’ ठरले. २०१६च्या कायद्याने कार्बन-लिलावाच्या (कार्बन सोडण्याचे परवाने कंपन्यांना विकण्याच्या) निधीतला किमान २५ टक्के पैसा त्यांच्याच हद्दीत खर्चायला लावला. पण रेघ ती रेघच. रस्त्याच्या अलीकडचं घर आत, पलीकडचं बाहेर, धूर मात्र दोघांच्याही खिडकीत! म्हणूनच या विभागांबाहेरच्या, पण त्यांच्यापासून अर्ध्या मैलाच्या आतल्या कमी उत्पन्नवाल्यांसाठी आणखी ५ टक्के ठेवले.