मुरुमांवरची डॉक्सिसायक्लिन गुण येत असताना का थांबवावी?

रानजाई
माझ्या 17 वर्षांच्या मुलीच्या गालांवर आणि पाठीवर पू भरलेले मुरुम येत होते. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची 100 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, याप्रमाणे बारा आठवडे दिली. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइडचे जेल होते. चेहरा बराच निवळला. आता मात्र गोळी बंद करून फक्त ते जेल आणि रात्री ॲडापॅलीन लावण्यास सांगितले आहे. ओळखीचे दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळी देण्यास तयार आहेत. आणखी तीन महिने ती चालू ठेवली, तर काय बिघडेल?

त्वचारोगतज्ज्ञ
मुरुमांचे मूळ जंतूंत नाही. तेलग्रंथीचे तोंड मृत पेशींनी बुजते, तेल आत साठते आणि त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू वाढून दाह होतो. हा जंतू तुमच्या-माझ्या, सर्वांच्याच त्वचेवर असतो. डॉक्सिसायक्लिन त्याची वाढ रोखते आणि दाहही शमवते. बुजलेले तोंड मोकळे करणे तिला जमत नाही, ते काम ॲडापॅलीनचे आहे. म्हणून गोळी दाह ओसरेपर्यंत, साधारण तीन महिने द्यायची आणि लावण्याची औषधे पुढे चालू ठेवायची, अशी पद्धत आहे. शिवाय पोटात घेतलेली गोळी केवळ गालांवर काम करत नाही. आतड्यातील आणि घशातील जंतूंनाही ती रोज भेटते व त्यांतील न मरणारे तेवढे मागे उरतात. उद्या खराखुरा संसर्ग झाला, तर हेच जंतू औषधाला दाद देणार नाहीत. मुरुम पुन्हा उसळले, विशेषतः हनुवटीवर, आणि पाळीही अनियमित असेल, तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी.

हापूसवाला
मी ही गोळी स्वतःच्या मनाने आठ महिने घेतली. एका रात्री ती घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवा झालो. अन्ननलिकेत जखम झाली आणि चार दिवस पेजेवर काढावे लागले. पेलाभर पाणी पिऊन निदान अर्धा तास बसून राहावे, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. त्यातच हंगामात बागेत उभे राहून मान आणि हात उन्हाने भाजून निघाले, कारण या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते. गोळी सोडताच मुरुम परत आले, ते निराळेच.

रानजाई
समजले. मग गोळीऐवजी क्लिंडामायसिनचे जेल लावले तर चालेल का?

त्वचारोगतज्ज्ञ
एकटे नको. तेही अँटिबायोटिकच आहे आणि नुसते लावत राहिल्यास जंतू त्यालाही सरावतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड ऑक्सिजनच्या माऱ्याने जंतू मारते, त्याला ते सरावल्याचे आढळलेले नाही. म्हणून क्लिंडामायसिन द्यायचेच झाले, तर त्याच्या जोडीने देतात. (उशीचे अभ्रे मात्र पांढरे वापरा, रंगीत कापड त्याने विटते.) अँटिबायोटिक हेच मुख्य औषध असणारे त्वचारोग वेगळे आहेत: मुलांच्या तोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली धरणारा इम्पेटिगो, किंवा पाय लाल होऊन सुजणारा, ताप आणणारा सेल्युलायटिस.

काउंटरमागून
मी औषधविक्रेता आहे. डॉक्सिसायक्लिन शेड्यूल एचमध्ये मोडते, त्यामुळे चिठ्ठीशिवाय ती देणे कायद्यात बसत नाही. त्याच दुकानातून स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब ‘चेहऱ्यासाठी चांगली’ म्हणून पुढे केली गेली, तर तीही घेऊ नका. तिच्यातील स्टिरॉइडनेच नवे मुरुम उठतात.