चेंबरच्या ड्रेन बोल्टचं डोकं गोल झालंय

प्रश्न: चेंबर म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, तिच्यातलं तेल सोडायचा बोल्ट १७ नंबरचा (१७ मिमी). बारा कोनी रिंग पान्याने कोपरे गेले, आता पाना नुसताच फिरतो. काय करावं?

उत्तर: बारा कोनी पान्याचा जोर थेट कोपऱ्यांवर येतो, म्हणून ते झिजतात. १६ नंबरचा सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसवा आणि लांब दांड्याने सावकाश ताण द्या. गाडीखाली झोपल्यावर दिशेचा हमखास घोळ होतो. डोक्याकडे बघत डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरवा.

उत्तर: थांबा, चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर ठोकू नका, तडा जाईल. तिथे व्हाइस ग्रिप (आवळून लॉक होणारी पकड) करकचून आवळा. तेलाजवळ गॅसची ज्योत अजिबात नको.

उत्तर: बसवताना बोल्ट, वॉशर दोन्ही नवे. पहिले आटे बोटांनीच.