न झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही करू का?

मंडळी, सल्ला हवाय, आणि सोमवारच्या आत हवाय.

सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात लेखा विभागात आहे. नाव विचारू नका. गेल्या वर्षी शिक्षकेतरांतून महाविद्यालय विकास समितीवर निवडून आलो. निवडून म्हणजे काय, दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही.

काल शिपाईमामा इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन टेबलाशी आले. "सरांनी सांगितलंय, फुली मारलीय तिथं सही करा." उघडून बघतो तर वर्षाच्या चार बैठका, चारही एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनानं. आम्ही प्रत्यक्ष बसलो ती एकदाच, तीही पोहे खाऊन उठलो. एका बैठकीत वार्षिक अंदाजपत्रक 'सर्वानुमते मंजूर', आणि खाली अनुमोदक म्हणून चक्क माझं नाव! त्या तारखेला मी आईला घेऊन मिरजेला दवाखान्यात होतो. हजेरीपटावर किरकोळ रजा लागलीय, आणि ती मंजूर केलीय प्राचार्यांनीच.

नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हणून ही घाई. मग 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातलं कलम 97 काढून वाचलं. वर्षाला किमान चार बैठका हव्यात, हे तिथं कळलं. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही समितीत असतात म्हणे. आमच्याकडे परिषदच नाही, तरी त्या दोन रकान्यांत सह्या आहेत! (पूर्वी स्थानिक व्यवस्थापन समिती होती तेव्हाही असंच चालायचं, असं आमचे निवृत्त हेडक्लार्क सांगतात. वर हसतात.)

सही नाही केली तर लेखी काय द्यायचं? थेट शिवाजी विद्यापीठाला कळवू की आधी प्राचार्यांना? अडचण अशी की समितीचे सदस्य-सचिव तेच, आणि माझा आश्वासित प्रगतीचा (बढती नसली तरी ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीचा) प्रस्ताव त्यांच्याच सहीनं कोल्हापूरला सहसंचालक कार्यालयात जायचाय.

प्रतिसाद – निवृत्त मास्तर, कराड
सही करू नका, वादही घालू नका. प्राचार्यांच्या नावे चार ओळींचा अर्ज द्या: त्या बैठकीची सूचना व विषयपत्रिका मला मिळाली नाही, त्या दिवशी मी रजेवर होतो, सबब अनुमोदक म्हणून असलेलं नाव वगळावं. आवकला देऊन पोच घ्या. फक्त स्वतःपुरतं लिहा, बाकी बैठकांचा पंचनामा तूर्त नको. आणखी एक. समिती अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे मंजुरीसाठी शिफारस करते, स्वतः मंजूर करत नाही. म्हणजे तुमच्या रजिस्टरातलं ते वाक्यच चुकलंय. हे त्यांना गोडीत दाखवा, पानं नव्यानं लिहायला त्यांनाच निमित्त मिळेल. विद्यापीठाचं नंतर बघू.

धागाकर्ता
आभारी आहे, सर. अर्ज लिहून ठेवलाय. रजिस्टर अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, मामा दोनदा डोकावून गेले. अर्जाची पोच मिळेपर्यंत ते ठेवून घेऊ की आजच परत करू?