मदत हवी आहे : इब्री ६:४-६ मधलं 'अशक्य' किती कायमचं?

बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्र ६:४-६ वर अभ्यासवर्गासाठी टिपण करायचं आहे. एकदा प्रकाश मिळून नंतर पतित झालेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं ही वचनं म्हणतात. गाडी सहाव्या वचनातल्या एका कृदंतावर (क्रियापदापासून बनलेल्या विशेषणासारख्या रूपावर) अडली आहे.

मूळ ग्रीकमध्ये 'प्रकाश मिळालेले' पासून 'पतित झालेले' पर्यंतची पाचही कृदंतं एकाच उपपदाखाली (इंग्रजी 'the' सारख्या शब्दाखाली) येतात. म्हणजे 'जर पतित झाले तर' यातला 'जर' भाषांतरकारांचा. तो आधार धरून 'हे फक्त काल्पनिक आहे' म्हणणं मला पटत नाही. खरा पेच पुढच्या 'आनास्ताउरून्तास' ('वधस्तंभावर खिळणारे') मध्ये आहे. हे वर्तमान कृदंत. कारणवाचक घेतलं तर 'ते देवाच्या पुत्राला वधस्तंभावर खिळतात म्हणून' पश्चात्ताप अशक्य. कालवाचक घेतलं तर 'खिळत आहेत तोवर'. दुसऱ्या अर्थाने दार उघडं राहतं, पण मग वाक्य 'पश्चात्ताप करत नाहीत तोवर पश्चात्ताप अशक्य' असं पोकळ होतं.

सातव्या-आठव्या वचनातली काटेरी जमीन शापाच्या 'जवळ' आहे, शापित झालेली नाही. नवव्यात लगेच 'प्रियजनहो' येतं. हा संदर्भ कृदंताचा अर्थ ठरवायला पुरेसा आहे का? की याच पत्रातले १०:२६ (जाणूनबुजून पाप करत राहिल्यास पापासाठी यज्ञ उरत नाही) आणि १२:१७ (एसावाला पश्चात्तापाला वाव मिळाला नाही) आधी जुळवायला हवेत? ग्रीक जाणणाऱ्यांनी कृपया व्याकरणाच्या आधारासह सांगावं. पंथाची भूमिका नंतर बघू.