हार्ड डिस्क काढली आणि एसएसडीवरचं विंडोज सुरूच होईना

हिशेबनीस:
ऑफिसचा डेस्कटॉप आहे. आठव्या पिढीचा आय3, एच310 बोर्ड, 8 जीबी रॅम. विंडोज 10 आहे 240 जीबीच्या साटा एसएसडीवर. जोडीला 1 टीबीची जुनी हार्ड डिस्क, तिच्यावर टॅलीचा डेटा. ती टकटक आवाज करायला लागली म्हणून काढून ठेवली. तेव्हापासून काळ्या स्क्रीनवर एकच ओळ: 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'.

बायोसमध्ये एसएसडी नावानिशी आणि पूर्ण क्षमतेसह दिसते. केबल आणि पोर्ट बदलून झालं. पेन ड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर चालवलं, उपयोग नाही. बूट दुरुस्त करणाऱ्या 'बूटरेक फिक्सबूट' कमांडला 'ॲक्सेस इज डिनाइड' येतं. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. पक्षकारांच्या फायली सी ड्राइव्हवर आहेत आणि जीएसटीची 3बी भरायची 20 तारीख तोंडावर आहे.

सोल्डरगन:
फॉरमॅट अजिबात मारू नका. एसएसडीला बहुधा काहीही झालेलं नाही. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या आणि हार्ड डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा छोटा कप्पा) असलं, तर सेटअप एसएसडीवर नवं करत नाही, बूटच्या फायली त्या जुन्यातच ठेवतो. म्हणजे घर एसएसडीवर आणि किल्ली हार्ड डिस्कवर. ती तुम्ही काढलीत.

आधी खात्री करा. 8 जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा. बूट मेनूत तो दोनदा दिसेल, त्यातली 'यूईएफआय' (बूट करायची नवी पद्धत) लिहिलेली नोंद निवडा. भाषेची खिडकी आली की शिफ्ट + एफ10 दाबा. काही कीबोर्डांवर एफएन पण धरावं लागतं. कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
लिस्ट व्हॉल्यूम

पहिल्या यादीत एसएसडीच्या ओळीत शेवटी, जीपीटीच्या (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) खाली, तारा आहे का बघा. दुसऱ्या यादीत फॅट32 चं, साधारण 100 एमबीचं व्हॉल्यूम आहे का बघा. पेन ड्राइव्हही फॅट32 असतो, पण आकारावरून ओळखू येईल. विंडोजला इथे सी हेच अक्षर मिळेल असं नाही, म्हणून प्रत्येक अक्षरावर 'डिर' देऊन विंडोज आणि यूजर्स हे फोल्डर कुठे आहेत ते शोधा. दोन्ही यादी इथे टाका, मग पुढे जाऊ.

रात्रपाळी:
पुढे जाण्याआधी फायली बाहेर काढा. पार्टिशनला हात लावायच्या आधी कॉपी, हा क्रम उलटा करू नका. त्याच काळ्या खिडकीत 'नोटपॅड' लिहा. फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' केलं की ड्राइव्ह दिसतात. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पेस्ट. खिडकी अडकल्यासारखी वाटते कारण प्रगतीची पट्टी दिसत नाही. फायली खूप असतील तर रोबोकॉपी ही कॉपीची कमांड बरी, त्यात आर:1 आणि डब्ल्यू:1 हे पर्याय द्या. नाहीतर न वाचता येणाऱ्या एकेका फाइलपाशी ते दहा लाख वेळा, दर वेळी 30 सेकंद थांबून, प्रयत्न करत बसतं.

ड्राइव्ह उघडायला किल्ली मागितली तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप, लावलेलं आहे. 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती हातात नसेल तर थांबा.

हिशेबनीस:
फायली निघाल्या, आभार. एसएसडीच्या ओळीत तारा आहे. फॅट32 व्हॉल्यूम फक्त पेन ड्राइव्हचं. विंडोजला इथे डी अक्षर मिळालंय, ते व्हॉल्यूम 1 आहे.

सोल्डरगन:
मग निदान पक्कं. आता विंडोजच्या व्हॉल्यूममधून थोडी जागा काढून ईएफआय पार्टिशन बनवायचं. डिस्कपार्टमध्येच:

सिलेक्ट व्हॉल्यूम 1
श्रिंक डिझायर्ड=300
सिलेक्ट डिस्क (तुमच्या एसएसडीचा क्रमांक)
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज=260
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट32
असाइन लेटर=एस
एक्झिट

फॉरमॅटच्या आधी 'लिस्ट पार्टिशन' देऊन तारा 260 एमबीच्या ओळीवरच आहे ना, ते डोळ्यांनी बघा. इथे चुकीचं पार्टिशन निवडलेलं असेल तर डिस्कपार्ट 'नक्की का?' असं विचारत नाही. त्यानंतर बूटच्या फायली तिथे टाकायच्या:

बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' यायला हवं. 'फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी बूट फाइल्स' आलं तर एस: फॅट32 नाही, अक्षर चुकलंय, किंवा एसएसडी लिहूनच घेत नाहीये. शेवटचं कारण वाईट. तसं असेल तर इथेच थांबा.

फिक्सबूट आणि फिक्सएमबीआर विसरा. फिक्सएमबीआरचा यूईएफआय बूटशी संबंधच नाही, आणि जे ईएफआय पार्टिशन अस्तित्वातच नाही ते फिक्सबूट कुठून दुरुस्त करणार?

टर्मिनल_बाळू:
हाच प्रश्न पडलेल्या बाकीच्यांसाठी. तारा नसेल तर डिस्क एमबीआर (विभागणीच्या जुन्या पद्धतीची) आहे आणि वरची पद्धत चालणार नाही. विंडोजचं पार्टिशन प्रायमरी असेल तर ते निवडून 'ॲक्टिव्ह' करा, मग बीसीडीबूटमध्ये /एस ला तेच अक्षर आणि /एफ ला बायोस द्या. पेन ड्राइव्हच्या बूट फोल्डरमधलं बूटसेक्ट /एनटी60 आणि /एमबीआर घालून त्याच अक्षरावर चालवा. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) चालू हवं. यूईएफआयवर जायचं तर एमबीआर2जीपीटी नंतर, मशीन धड सुरू झाल्यावर.

हिशेबनीस:
'सक्सेसफुली' आलं. पेन ड्राइव्ह काढून चालू केलं तर पुन्हा तीच ओळ.

सोल्डरगन:
बायोसमधलं बूटचं पान. सीएसएम बंद करा किंवा बूट मोड 'यूईएफआय ओन्ली' ठेवा, आणि पहिल्या क्रमांकावर एसएसडीचं नाव न ठेवता 'विंडोज बूट मॅनेजर' ठेवा. नुसती एसएसडी पहिली ठेवली की बोर्ड जुन्या पद्धतीने तिचा पहिला सेक्टर वाचतो, आणि तिथे बूट करण्यासारखं काही नसतं. साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग) मात्र आहे तोच राहू दे. एएचसीआयचा रेड किंवा उलट केलंत तर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येईल आणि नवीच डोकेदुखी.

हिशेबनीस:
चालू झालं! लॉगिनपर्यंत नेहमीसारखं आलं. टॅली अर्थातच डेटाचा पाथ सापडत नाही म्हणतंय.

रात्रपाळी:
ती टकटकणारी डिस्क आता 'बघूया चालते का' म्हणून परत लावू नका. चेकडिस्क तर मुळीच नको. ते डिस्कवर लिहितं, आणि हेड जायला आलेल्या डिस्कला तेवढा ताणही पुरतो. टॅलीचा बॅकअप दुसरीकडे असेल तर तोच रिस्टोर करा. नसेल आणि डेटा मोलाचा असेल तर डिस्क सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे, चालू न करता. खर्च झेपणारा नसेल तरच लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारं साधन: तेवढ्याच किंवा मोठ्या रिकाम्या डिस्कवर, मॅपफाइल देऊन. पहिला फेरा 'एन' पर्यायाने, म्हणजे सहज वाचता येणारं आधी निघतं. हट्टी सेक्टर नंतर 'आर3'ने. मॅपफाइल असली की मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं.

टर्मिनल_बाळू:
अजून एक. ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवर 'रीएजंटसी /इन्फो' बघा. रिकव्हरीचं पार्टिशनही जुन्या डिस्कवर असेल तर 'डिसेबल्ड' दिसेल. 'रीएजंटसी /एनेबल' देऊन बघा. इमेजच सापडत नसेल तर हा पेन ड्राइव्ह पुसू नका, कपाटात ठेवा. आणि विंडोज नव्याने टाकाल तेव्हा एसएसडी सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या साटा केबल काढूनच टाका.