डेपोच्या आवारात बस-ड्रायव्हरला सीटबेल्ट कशाला?

चौथागिअर: डेपो, वर्कशॉप, पार्किंग. तिथे बस चालते ताशी १०-१५ किमीने. भिंतीला किंवा खांबाला लागली तर पत्रा चेपतो, काच जाते; ड्रायव्हरला फार तर खरचटतं. तिथेही बेल्टची सक्ती हवी म्हणणारे नुसते कागदी घोडे नाचवतात.

जुना_फिटर: जो पत्रा चेपतो, त्याच्यामागे लगेच कुणाचे पाय असतात ते जरा वाकून बघा. चपट्या तोंडाच्या बसमध्ये ड्रायव्हर पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे बसतो. बंपर, पत्रा, पेडल आणि मग थेट नडग्या. मध्ये इंजिन नाही, चेपायला जागा नाही. हिशेब करा: १२ टनांची बस ताशी १५ ला म्हणजे सुमारे १०४ किलोज्यूल धडकेची ऊर्जा. जड ट्रकच्या केबिनवर यूएन आर२९ (केबिनच्या मजबुतीचा संयुक्त राष्ट्रांचा वाहन-नियम) च्या चाचणीत समोरून ५५ किलोज्यूलचा लोलक आपटतात, आणि तो नियम बसला लागूच नाही. त्याच मालिकेतला आर६६ लागतो, पण तो बस उलटली तर सांगाडा टिकावा म्हणून.

खरचटतं म्हणे! घोटा पेडलमध्ये अडकून पिरगळतो, नडगीची दोन्ही हाडं मोडतात. गुडघा डॅशबोर्डवर बसला की मांडीचं हाड खुब्यातून मागे निसटतं. स्टिअरिंग जवळजवळ आडवं, त्यामुळे खालची कड पोटात घुसते. वरून नुसता वळ, आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली.

चौथागिअर: १०४ किलोज्यूल भिंत ढिम्म राहिली तरच. तेवढ्याच वजनाच्या उभ्या बसला धडकली तर ती सरकते, निम्मीच ऊर्जा चेपण्यात जाते, तीही दोघींत वाटून. आकडे फेकून घाबरवू नका.

जुना_फिटर: उभ्या बसचा हँडब्रेक लावलेला असतो आणि मागे भिंत असते. सरकून जाणार कुठे? आणि खांबाचं काय? तो सगळा जोर वीतभर रुंदीत घालतो, नेमका पेडलपाशी.

अस्थिरंग: पाय बराच वेळ चेपून अडकला असेल तर गडबडीने ओढून काढू नका. दाब सुटला की मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि हृदय बंद पडू शकतं. सलाईन आधी सुरू करायचं, मग पत्रा कापायचा. दुसरं, चाक खड्ड्यात आदळलं आणि हवेच्या फुग्यावर वरखाली होणारी सीट तळाला टेकली की कमरेचा मणका चेपतो. माणूस स्वतः चालत उतरतो, म्हणून एक्स-रे काढायचा राहून जातो.

रजिस्टरवाली: मुळात या जखमी ड्रायव्हरांची नोंद कुठे होते? आयसीडी-१० मध्ये (आजार-जखमांच्या नोंदीची आंतरराष्ट्रीय संकेतयादी) व्ही७० ते व्ही७९ बसमधल्या माणसांसाठी, शेवटी .० म्हणजे सार्वजनिक रस्त्याबाहेर जखमी झालेला ड्रायव्हर. रस्त्यावरून घसरून झाडावर गेलेली बस त्यात नाही, ती रस्त्यावरच्या अपघातात धरतात. चढता-उतरता लागलं तर .४ (व्ही७९ सोडून). उतरून बससमोर उभा असलेला ड्रायव्हर तर पादचारी! ".० मध्ये नोंदी कमी, म्हणजे धोका कमी" असं कुणी म्हणू नये.

हवाब्रेक: पादचारी झालेलेच खरे चिरडले जातात. बंद पडलेल्या बसच्या ब्रेकमध्ये हवा नसते, मग स्प्रिंग ब्रेक (हवेचा दाब गेला की स्प्रिंगने आपोआप लागणारा) जाम. ढकलायची म्हणून ब्रेकच्या चेंबरचा बोल्ट फिरवून स्प्रिंग दाबून अडकवतात, म्हणजे ब्रेक सुटतो, आणि बोल्ट पूर्ववत करायला विसरतात. पुढचा ड्रायव्हर हँडब्रेक ओढतो, फुस्स आवाज येतो, तो निवांत उतरतो. बस चालू लागते आणि हा गडी हाताने थोपवायला समोर धावतो. भिंत आणि बस यांच्यात बरगड्या, कटीची हाडं.

चौथागिअर: धागा बेल्टचा आहे. बोल्टचं पुराण वेगळ्या धाग्यात लावा.

हवाब्रेक: पुराण? मग ऐकाच. बोल्टला हात लावण्याआधी चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे. स्टिअरिंगवर "ब्रेक मोकळा आहे" अशी पाटी. दुरुस्तीनंतर हवा पूर्ण भरू द्या, हँडब्रेक सोडा, स्प्रिंग हवेने दाबलेली असताना बोल्ट पूर्ववत करा. मग हँडब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये हलकी ओढ. गाडी हलली तर ठोकळे काढायचे नाहीत. आणि बस सुटलीच तर बाजूला व्हायचं. १२ टन माणसाच्या हाताने थांबत नाहीत, कितीही जोर असो.

चौथागिअर: बरं बाबा, बोल्ट जिंकला. पण बेल्टचा मुद्दा तिथेच आहे: पट्ट्याचं वरचं टोक बसच्या आतल्या खांबाला, सीट हवेवर. दर धक्क्याला पट्टा खांदा आवळतो, म्हणून पाठीमागून घेऊन नुसता अडकवतात.

जुना_फिटर: सीटमध्येच बसवलेला तीन टोकांचा पट्टा घ्या, तो सीटबरोबर वरखाली होतो. नुसता कमरेचा नको. त्याने माणूस सीटवर राहतो, पण छाती स्टिअरिंगवर जातेच.

चौथागिअर: असा पट्टा असेल तर लावू, आवारातही. सीट बदलायचे पैसे कागदी घोडेवाल्यांकडून घ्या.