मदत हवी आहे: झाडाचं वय ५० च्या वर आहे हे कसं सिद्ध करायचं?

आमच्या सोसायटीतली जुनी चिंच पुनर्विकासासाठी तोडण्याचा अर्ज झालाय. आम्ही नगरपरिषद हद्दीत आहोत, म्हणजे १९७५ चा महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायदा लागू. त्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटलंय आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट घातलीय. सगळं वयावर अडलंय. अर्जात वय ३५ लिहिलंय, कशावरून ते नाही.

साडेचार फुटांवर घेर मोजला, ३ मीटर १० सेंटीमीटर भरला. पण घेरावरून वय काढायचं तर माती-पाण्यानुसार उत्तर बदलतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत वलयं स्पष्ट नसतात. खोडाला भोक पाडून नमुना काढायचा नाही, झाड जिवंत आणि ठणठणीत आहे. १९७१ च्या एका लग्नाच्या फोटोत ते मागे दिसतं, चांगलं दुमजली उंच. वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत दिलीय, पोचही आहे. वकील सध्या परवडणारा नाही.

वयाबाबत असा फोटो, शेजारच्या ज्येष्ठांची प्रतिज्ञापत्रं किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा दाखला, यातलं सुनावणीत प्रत्यक्ष काय ग्राह्य धरलं गेलंय? कोणी हे केलंय का?